राखेचं काँक्रीट, त्रेपन्न ग्रेड आणि कॉन्ट्रॅक्टरची भीती

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक होत असेल तर लगेच कळेल. साताऱ्याजवळच्या गावठाणातला जुना वाडा पाडून तिथे खाली-वर मिळून दोन हजार चौरस फुटांचं घर बांधायचंय. काम मार्चमध्ये सुरू होणार. जवळच्या आरएमसी (तयार काँक्रीट गाडीतून पाठवणाऱ्या) प्लँटने दिलेल्या एम२५ च्या, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी २५ एमपीए (मेगापास्कल) दाब सोसणाऱ्या, मिक्समध्ये फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली राख आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, राख म्हणजे भेसळ. मी साइटवर मिक्सर लावतो, ५३ ग्रेडचं (अठ्ठावीस दिवसांनी ५३ एमपीए ताकदीचं) सिमेंट वापरतो, पुढची जबाबदारी माझी. मुलगी पर्यावरणशास्त्र शिकते आणि तिला 'ग्रीन काँक्रीट'च हवंय. शिवाय वाड्याच्या राड्यारोड्याचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय.

मी सव्वीस वर्षं याच धंद्यात आहे. पहिली नऊ साइटवर गेली, नंतर आरएमसी प्लँटच्या लॅबमध्ये होतो, आता लोकांचे मिक्स तपासून देतो. राख विकत नाही, सिमेंटही विकत नाही.

वरवर पाहता भांडण राख आणि ५३ ग्रेड यांच्यात आहे. माझ्या मते तुम्हाला दोनच गोष्टी ठरवायच्या आहेत: स्लॅबला चौदा दिवस पाणी कोण मारणार, आणि सेंट्रिंगच्या प्लेटा किती दिवस अडकून राहणार. कॉन्ट्रॅक्टर राखेला घाबरतो तो याच दोन गोष्टींमुळे. फक्त तसं बोलून दाखवत नाही. या दोन्हींची सोय झाली तर राखेचं काँक्रीट तुमच्या घराला ५३ ग्रेडपेक्षा चांगलं. सोय होणार नसेल तर कॉन्ट्रॅक्टरचं ऐका. हे असं का म्हणतो, ते आता सांगतो.

आधी 'भेसळ' या शब्दाबद्दल. तो हवेतून आलेला नाही. एकेकाळी गोण्या उसवून त्यात राख मिसळून परत शिवणारे लोक होते. वीजकेंद्राच्या तळ्यातली ओली, जाडसर राख वाळवून 'फ्लाय अ‍ॅश' म्हणून खपवणारेही होते. ती खरोखर भेसळच. जुन्या मिस्त्री लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्यांचा संशय मी हसण्यावारी नेत नाही. पण चिमणीच्या आधी यंत्राने पकडलेली बारीक, कोरडी राख हा वेगळाच माल आहे. तिला आयएस ३८१२ हे भारतीय मानक आहे. पीपीसी नावाने जी गोणी दुकानात मिळते तिच्यात आयएस १४८९ प्रमाणे १५ ते ३५ टक्के हीच राख असते. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने गेल्या दहा वर्षांत गिलाव्याला आणि विटांच्या बांधकामाला पीपीसी वापरलंच असणार. म्हणजे राख त्याच्या घमेल्यातून रोज जात होती, तेव्हा तिला कुणी भेसळ म्हटलं नाही.

राख काँक्रीटमध्ये करते काय? सिमेंटला पाणी लागलं की दोन पदार्थ तयार होतात. एक चिकट जेल, ज्याने सगळं धरून ठेवलं जातं. दुसरा चुना. हा चुना ताकदीला फारसा उपयोगी नाही, पाण्याबरोबर हळूहळू बाहेरही येतो. जुन्या स्लॅबखाली पांढरे ओघळ दिसतात ते त्याचेच. राखेतली सिलिका या रिकाम्या बसलेल्या चुन्याला कामाला लावते आणि त्याचंही जेल करते. त्यामुळे आतली भोकं बुजतात, पाणी झिरपणं कमी होतं. राखेचे कण सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोट्यांसारखे दिसतात, म्हणून तेवढंच काँक्रीट कमी पाण्यात सरकतं आणि पंपातून नीट जातं.

मात्र हा दुसरा खेळ सावकाश चालतो. सिमेंट पहिल्या आठवड्यात जोर दाखवतं. राख दुसऱ्या आठवड्यापासून पुढे महिना-दोन महिने काम करत राहते. तेवढा वेळ आत ओल हवी. ओल संपली की राख नुसती भरताड होऊन बसते. कॉन्ट्रॅक्टरच्या भीतीत तथ्य आहे ते इथे.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझा मुद्दा नीट पोचत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माणदेशाच्या बाजूला एका बंगल्याचं काम होतं. स्लॅब एप्रिलच्या शेवटी पडला. मिक्स माझंच होतं, राख २८ टक्के, आणि त्या मिक्सवर माझा फार विश्वास. क्यूब, म्हणजे तपासणीचे काँक्रीटचे ठोकळे, भरले, लॅबच्या टाकीत टाकले. अठ्ठावीस दिवसांनी दाबले तेव्हा आकडे आले ३२, ३३, ३१. एम२५ ला झकास. मी रिपोर्ट पाठवला आणि विसरलो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मालकांचा फोन आला, 'साहेब, स्लॅबवर झाडू मारला की पिठी निघते.' गेलो. किल्लीच्या टोकाने ओरखडा काढला तर पांढरी रेघ उठत गेली, पाटीवर पेन्सिल ओढावी तशी. चौकशी केली तर पाचव्या दिवशी टँकर बंद झाला होता. त्यानंतर सकाळी एक माणूस पाइप घेऊन स्लॅब 'भिजवून' जायचा. दहा वाजेपर्यंत तो कोरडा ठणठणीत. तीन ठिकाणी स्लॅबला भोक पाडून कोअर, म्हणजे काँक्रीटचे नळकांडीसारखे तुकडे, काढले. सरासरी आली १९ च्या आत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी, म्हणजे एम२५ ला सव्वाएकवीस. आम्ही नापास.

मिक्स तेच, ट्रक तोच, काँक्रीट तेच. फरक एवढाच की क्यूब महिनाभर पाण्यात डुंबत होते आणि स्लॅब उन्हात पापडासारखा वाळत होता. लॅबच्या रिपोर्टवर मी 'काँक्रीट उत्तम' अशी सही केली होती, आणि ती टाकीतल्या काँक्रीटबद्दल अगदी खरी होती. स्लॅबखाली दोन जादा बीम घालून निभावलं. त्या खर्चातला वाटा मी उचलला, आणि तेव्हापासून पाण्याची सोय डोळ्यांनी बघितल्याशिवाय राखेचा मिक्स देत नाही.

आता तुमच्या मुलीचा मुद्दा. तिचं बरोबर आहे, आणि आकड्यांत बघितलं तर तिला आणखी जोर येईल. सिमेंटचा जीव म्हणजे क्लिंकर. चुनखडी आणि माती साधारण १४५० अंशांना भाजून तो बनतो. एक टन क्लिंकरमागे ठोकळमानाने ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला निम्म्याहून जास्त कोळशाच्या धुरातला नसतो, तो चुनखडीच्या दगडातूनच सुटतो. म्हणजे उद्या चंद्रपूरच्या सगळ्या भट्ट्या सूर्यावर चालवल्या तरी दगड तापला की तो वायू सुटणारच. जगभरात माणसांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटमुळे जातो तो याच कारणाने. म्हणून या धंद्यातली सगळी धडपड एकाच दिशेने चालते: क्लिंकर कमी घालून तेवढंच काम कसं काढायचं.

तुमच्या घरात सगळं मिळून ऐंशी घनमीटर काँक्रीट लागेल असं धरू. निव्वळ ओपीसीचा, म्हणजे राख नसलेल्या साध्या सिमेंटचा, मिक्स घनमीटरला ३३० किलोचा. राखेच्या मिक्समध्ये त्याच ताकदीला ओपीसी २४५ आणि राख ८५, असं काहीसं असतं. घनमीटरमागे ८५ किलो सिमेंट वाचलं. ऐंशी घनमीटरला पावणेसात-सात टन. म्हणजे साडेपाच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड कमी, तेही खिशातून जास्त पैसे न देता. छपरावर लावायच्या कुठल्याही 'ग्रीन' वस्तूशी हा आकडा मुलीला ताडून बघू दे.

पण राख म्हणजे पुण्य, असंही तिने समजू नये. राख कोळशातून येते, आणि कोळसा जाळल्याचं पाप काँक्रीटमध्ये घातल्याने धुतलं जात नाही. एवढं खरं की ती काँक्रीटमध्ये गेली नाही तर तळ्यात साठते. नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राख शेतांत, पाण्यात पसरली. अशी तळी आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे निदान आपल्या पिढीला तरी राख कमी पडणार नाही. युरोपात कोळशाची केंद्रं बंद होत चालल्यामुळे तिथले प्लँटवाले आता राख शोधत फिरतात.

ज्यांना वाटतं की हे घराबिरात करायचे नवे प्रयोग आहेत, त्यांनी घाटघरला जाऊन यावं. अकोले तालुक्यातलं ते धरण म्हणजे रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं देशातलं पहिलं. त्याच्या मिश्रणात सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. अर्थात धरणाला महिनोन्महिने सवड असते, तुमच्या स्लॅबला नसते. म्हणून धरणाचं प्रमाण घराला लावू नका. तुम्हाला २५ टक्के बास, उन्हाळ्यात फार तर ३० पर्यंत.

मग ५३ ग्रेडच का नको? वाईट नाही ते. लवकर ताकद देतं, म्हणून कारखान्यात भाग ओतून साइटवर आणणाऱ्या प्रीकास्टवाल्यांना, पुलाच्या गर्डरवाल्यांना हवंच असतं. घराच्या स्लॅबला ती घाई कशाला? ते तापतं जास्त, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारी ओतलं तर संध्याकाळपर्यंत पृष्ठभागावर केसांसारख्या भेगा दिसायला लागतात. साइटवर 'सुरक्षित बाजूला राहू' म्हणून एक गोणी जास्त घालतात. त्या गोणीने भेगाच वाढतात. आयएस ४५६ ने घनमीटरला ४५० किलोच्या वर सिमेंट जाऊ देऊ नका म्हटलंय ते काही पैसे वाचवायला नाही.

इथेच एक गैरसमजही काढून टाकतो. 'पीपीसी म्हणजे ३३ ग्रेड' असं तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. मानकात पीपीसीला अठ्ठावीस दिवसांची किमान ताकद ३३ दिली आहे, म्हणून हा समज. किमान म्हणजे त्याखाली नको एवढंच. चांगल्या कंपन्यांच्या पीपीसीचे मी तपासलेले नमुने याच्या बरेच वर असायचे. अठ्ठावीस दिवसांनंतर तर ते ओपीसीच्या मागे लागून गाठतात.

कॉन्ट्रॅक्टरच्या साइट-मिक्सबद्दल माझी खरी तक्रार सिमेंटच्या ग्रेडबद्दल नाहीच, पाण्याबद्दल आहे. एका गोणीला सगळं मिळून पंचवीस लिटर पाणी पुरतं, आणि त्यात वाळूतली ओलही धरायची. मिक्सरपाशी उभे राहा आणि बादल्या मोजा. बहुतेक साइटवर गोणीमागे पस्तीस-चाळीस लिटर जातं, कारण पातळ काँक्रीट ओढायला सोपं. सिमेंटच्या वजनाला पाण्याचं प्रमाण ०.५० वरून ०.७५ वर गेलं की ५३ काय नि ६३ काय, ग्रेड गेली पाण्यात. आरएमसीतही हाच धोका आहे. ट्रान्झिट मिक्सर साइटवर आला की बिगारी ड्रमात पाइप सोडतात. सहा घनमीटरच्या गाडीत साठ लिटर पाणी ओतलं तरी दोन-तीन एमपीए ताकद सहज जाते. काँक्रीट घट्ट वाटलं तर ड्रायव्हरला प्लँटवर फोन करायला सांगा. ते रसायन वाढवून देतील. हल्लीची पॉलिकार्बोक्सिलेट रसायनं वीस-पंचवीस टक्के पाणी वाचवून काँक्रीट पातळ ठेवतात. माझ्या पाहण्यातली या धंद्यातली सगळ्यात उपयोगी नवी गोष्ट कुठली विचाराल तर हीच. तिच्यावर कुणी बातमी करत नाही.

आता कशावर काय अवलंबून, ते सांगतो.

घर साताऱ्याला आहे म्हणून मी राख म्हणतोय. तेच घर दापोलीला किंवा मालवणला असतं तर स्लॅग म्हणालो असतो, म्हणजे लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी दळून केलेली भुकटी. ती खारं वारं आत शिरू देत नाही, आणि रायगडात डोलवीचा पोलाद कारखाना असल्यामुळे कोकणाला जवळ पडते. शिवाय तिथे ग्रेड एम३० आणि सळईवर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, ४५ मिलिमीटर हवं. साताऱ्याला एम२५ आणि बाहेरच्या भागांना ३० मिलिमीटर पुरे. या कव्हरकडे मात्र काणाडोळा करू नका. राखेच्या काँक्रीटची एक खोड आहे: पाणी कमी मारलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात ओपीसीपेक्षा लवकर शिरतो आणि सळई गंजायला मोकळी होते. गवंडी सळईखाली खडीचा तुकडा सरकवतात, ते चालवून घेऊ नका. कव्हर ब्लॉक मोजून घ्या.

दुसरं, पाणी. मार्च ते मे साताऱ्याच्या आसपास कुठे भरपूर पाणी, कुठे ठणठणाट. तुमच्या गावाचं मला माहीत नाही, तुम्हाला माहीत. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाणी उभं करायचं तर पहिल्याच भरणीला ४,७०० लिटर लागतात, वर रोजची घट वेगळी. चौदा दिवसांची तजवीज नसेल, तर सरळ ओपीसी घ्या, तेही ४३ ग्रेड मिळालं तर बरं. ओपीसीलाही उन्हाळ्यात दहा दिवस पाणी हवंच, पण हयगय झाली तर ते थोडं सोसतं. राख सोसत नाही. किंवा काम जूनच्या तोंडावर धरा आणि वरचा स्लॅब पावसाळ्यात पडू द्या. मी स्वतः दोन घरमालकांना असं थांबवलंय. एक अजून नाराज आहे.

तिसरं, प्लेटांचं भाडं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू आयएस ४५६ प्रमाणे सात दिवसांनी काढता येतात, पण तो हिशेब साध्या ओपीसीचा. राखेच्या मिक्सला मी आणखी चार दिवस ठेवायला सांगतो, त्याहून मोठ्या गाळ्यांना चौदा दिवसांच्याही पुढे. हे चार दिवस म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचं नुकसान. त्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर जायच्या असतात. तर त्याच्याशी राखेवर वाद घालू नका. 'चार दिवसांचं भाडं मी देतो, राखेचं काँक्रीट वापरू' असं सांगून बघा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा 'भेसळ' हा शब्द त्यानंतर ऐकू येत नाही.

प्लँटकडून काय मागायचं? मिक्स डिझाइनचा कागद, ज्यात सिमेंट, राख, पाणी, रसायन किलोत लिहिलेलं आहे. सिमेंट ओपीसी असल्याची खात्री. पीपीसीत वर पुन्हा राख घातली तर राखेचं प्रमाण कुठे जाईल याचा नेम नाही, आणि हे प्रकार होतात. राखेचा आयएस ३८१२ चा दाखला. प्रत्येक गाडीबरोबर बॅचची स्लिप. स्लिपवरचं पाणी आणि राख मिक्सच्या कागदाशी ताडून बघायला इंजिनियर लागत नाही, दहावीतलं गणित पुरतं. क्यूब तुमच्यासमोर, तुमच्या साइटवर भरायचे. सात दिवसांचा आकडा कमी वाटला तर घाबरू नका, राखेच्या मिक्सचा तो कमीच येतो. तीन क्यूब जादा भरून छप्पन्न दिवसांनी दाबा. आणि माझी चूक करू नका: दोन क्यूब टाकीत न ठेवता स्लॅबवरच ठेवा, स्लॅबला मिळेल तेवढंच पाणी त्यांना. त्यांचा आकडा काही मानकाला चालत नाही, पण खरी बातमी तेच देतात.

पाणी मारण्याची रीत अशी. स्लॅबचा हात फिरवून झाला की ऊन लागण्याआधी वर प्लास्टिकचा कागद अंथरा. दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंट-वाळूच्या बारीक आळी करून पाणी भरा आणि चौदा दिवस ते आटू देऊ नका. कॉलमना गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक बांधा. नुसतं गोणपाट दोन तासांत वाळतं. बीमच्या बाजू सगळे विसरतात. आणि मुलीला काम द्या. रोज सकाळी सात आणि दुपारी तीनला स्लॅबवर जाऊन पट्टीने पाणी मोजायचं, वहीत लिहायचं. तिला हवं असलेलं ग्रीन काँक्रीट त्या वहीतच तयार होणार आहे.

तिने वाचलेल्या नव्या गोष्टींबद्दलही लिहितो, कारण ती विचारणारच. काँक्रीटची थ्रीडी छपाई आपल्याकडे झाली आहे. बंगळुरूत उलसूरजवळचं पोस्ट ऑफिस २०२३ मध्ये तसं छापून उभं केलं. चांगलं आहे, तुमच्या कामाचं नाही. भेगा आपोआप बुजवणारे जिवाणू, काँक्रीटमध्ये कोंडलेला कार्बन डायऑक्साइड, हेही तसंच. पण एक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे: एलसी३. यात क्लिंकर निम्माच असतो. तीस टक्के भाजलेली माती, पंधरा टक्के न भाजलेली चुनखडी आणि उरलेला जिप्सम. मातीला सातशे-आठशे अंश पुरतात आणि तिच्यातून दगडासारखा वायूही सुटत नाही, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानची संस्था, क्यूबातल्या सांता क्लाराचं विद्यापीठ आणि आपल्या दिल्ली-मद्रासच्या आयआयटी यांनी मिळून हे काम केलं. भारतीय मानक २०२३ मध्ये आलं, आयएस १८१८९.

मला यात गंमत वाटते ती वेगळीच. तुमचा वाडा पाडताना हौदाच्या किंवा न्हाणीच्या भिंतीतला चुना बघा, गुलाबीसर असेल. ती सुरखी. भाजलेल्या विटांची पूड, चुन्याच्या घाण्यात बैल फिरवून मळलेली. भाजलेली माती चुन्याला धरते आणि पाण्यात टिकते, हे त्या गवंड्यांना ठाऊक होतं. एलसी३ मधली माती नीट निवडलेली असते, भट्टी नेमकी असते, पण नातं तेच. दुकानात एलसी३ ची गोणी मिळाली तर जरूर घ्या, पाण्याचे नियम राखेसारखेच पाळा. तुमच्या भागात मिळत नसेल तर त्यासाठी काम अडवू नका.

आणि एक फुकटचा उपाय, ज्याला कुणी नावीन्य म्हणणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरने पाच इंचांचा स्लॅब दिला असेल तर पाचच टाका. 'सहा करू, मजबूत होईल' हे वाक्य तुमच्या साइटवर येणारच. हजार चौरस फुटांवर एक इंच म्हणजे सव्वादोन घनमीटरहून जास्त काँक्रीट. सिमेंट जातं, आणि वर साडेपाच-सहा टन वजन खालच्या कॉलमवर बसतं. मजबुती नुसत्या जाडीतून येत नाही, सळई नेमकी जागेवर असावी लागते.

वाळूचं थोडक्यात. कृष्णेची वाळू मागू नका. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चांगली, व्हीएसआय (दगड जोरात आपटून फोडणाऱ्या) मशिनची असेल आणि धुतलेली असेल तर. तिच्यात बारीक पूड दिसते म्हणून लोक नाकं मुरडतात. ती दगडाची पूड आहे, नदीच्या गाळासारखी चिकणमाती नाही. आयएस ३८३ क्रश सँडमध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतं, नदीच्या वाळूत फक्त तीन.

राहिला राडारोडा. तुम्ही लिहिलंय की वाड्याच्या मागे पूर्वी वाढवलेली एक आरसीसी खोली आहे, तिचा स्लॅबही पाडणार. आयएस ३८३ मध्ये २०१६ पासून जुन्या काँक्रीटची खडी वापरायला परवानगी आहे: एम२५ पर्यंतच्या आरसीसीत वीस टक्के, साध्या काँक्रीटमध्ये पंचवीस, आणि एम१५ च्या खालच्या भरावाच्या काँक्रीटमध्ये सगळीच. दिल्लीत बुराडीला यासाठी प्लँट आहे. पण एका खोलीच्या स्लॅबसाठी क्रशर आणणं म्हणजे आंधळेपणा. सळई कापून भंगारात द्या, तुकडे हाताने फोडा आणि फरशीखालच्या सोलिंगमध्ये, म्हणजे दगडांच्या थरात, घाला. तुमच्या आरसीसीत ते अजिबात घालू नका. त्यांना चिकटलेला जुना माल पाणी पितो आणि वर हिशेबात लिहिलेलं सगळं पाण्याचं गणित चुकतं.

घडीव दगड विकू नका. जोत्याला तेच लावा. काळ्या दगडाचं दोन फुटी जोतं केलंत तर तेवढं काँक्रीट आणि विटा दोन्ही वाचतात. तसे दगड आज घडवून घ्यायचे म्हटले तर कारागीर मिळणं मुश्कील. लाकूड उन्हात टाकू नका, आडोशाला रचा. भिंतीतली पांढरी माती मात्र भरावात घालायची नाही, ती ओली झाली की बसते आणि फरशी खचते. गावात एका शेतकऱ्याला सांगा. पांढरीची माती शेताला खतासारखी लागते, तिचं नाव काढलं की तो स्वतःची ट्रॉली घेऊन येईल आणि भरायला माणसंही त्याचीच असतील.